एक नियम वाढला, तर सिद्धता पुन्हा मांडा!

संगणकाची एखादी आज्ञावली दहा वेळा चालवून पाहिली आणि दहाही वेळा उत्तर बरोबर आले, तर ती आज्ञावली बरोबर आहे असे तुम्ही म्हणाल का? बहुतेक जण म्हणतील. मोठमोठ्या कचेऱ्यांतूनही असेच म्हटले जाते. 'चालवून पाहिली, चालली' एवढ्यावर काम संपते. माझे मत असे की, ज्या आज्ञावलीवर माणसांचे जीव किंवा कष्टाचे पैसे अवलंबून आहेत, तिच्या बाबतीत एवढ्यावर थांबता कामा नये. तिची सिद्धता मांडली पाहिजे. आणि तिच्यात एखादा नवा नियम घातला, मग तो कितीही साधा दिसो, तर ती सिद्धता पुन्हा तपासली पाहिजे. हे मत तुम्ही केवळ मी सांगतो म्हणून मानू नका. कागद-पेन्सिल घेऊन बसा. भूमितीतले प्रमेय जसे पायरी-पायरीने पटते, तसे हेही पटते का ते पाहू.

पूल आणि आज्ञावली

सांगलीच्या कृष्णेवर १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल आहे. समजा, एखाद्या पुलावरून दहा टनांची मालमोटार सुखरूप गेली आणि वीस टनांचीही गेली. मग पंधरा टनांची जाईल की नाही याची चिंता कोणी करत नाही. दगड असो वा लोखंड, भार थोडा वाढला तर ताणही थोडाच वाढतो. म्हणून पुलाच्या बाबतीत दोन-चार चाचण्यांवरून मधल्या सर्व भारांविषयी अनुमान काढता येते.

आज्ञावलीचे तसे नाही. ती दहाला बरोबर उत्तर देईल, वीसलाही देईल आणि पंधराला एकदम चुकेल. तिच्यात 'असे असेल तर हे कर, नाहीतर ते कर' अशा वाटा फुटलेल्या असतात. एका वाटेवरून दहादा गेलात म्हणून दुसऱ्या वाटेवरचा खड्डा दिसत नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा हे १९७० च्या सुमारास हेच बजावत असत: चाचणीमुळे चूक आहे हे कळू शकते, चूक नाही हे कधीच कळत नाही.

कापरेकरांचे उदाहरण

आता आपल्याच मातीतले एक उदाहरण घेऊ. नाशिकजवळच्या देवळालीला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) नावाचे शाळामास्तर होते. त्यांनी १९४९ साली एक गंमत जगापुढे ठेवली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तेच येत राहते.

२०१९ घ्या. ९२१० − ०१२९ = ९०८१. पुढे ९८१० − ०१८९ = ९६२१. पुढे ९६२१ − १२६९ = ८३५२. आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. चार पायऱ्यांत काम झाले. २००५ घेतलीत तर पुऱ्या सात पायऱ्या लागतील, करून पाहा.

हे सर्व संख्यांसाठी खरे आहे हे कशावरून? १००० ते ९९९९ या संख्यांतून चारही अंक सारखे असलेल्या नऊ संख्या वगळल्या, तर ८९९१ उरतात. संगणकाला त्या सगळ्याच्या सगळ्या तपासायला डोळ्याचे पातेही लवावे लागत नाही. एकही प्रकरण शिल्लक न ठेवता सर्व तपासले, की ती नुसती चाचणी राहत नाही, सिद्धता होते. संगणकशास्त्रात अशा 'सर्व शक्यता धुंडाळून' केलेल्या पडताळणीला फार मोठा मान आहे. ती पद्धत उभारल्याबद्दल क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस या तिघांना २००७ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

एक निरुपद्रवी नियम

समजा, कापरेकरांच्या क्रियेची आज्ञावली आपल्याजवळ आहे आणि तिची सिद्धताही झाली आहे. आता कोणी म्हणाले, 'उत्तराच्या डावीकडे शून्य दिसले तर कसेतरीच वाटते. जिथे जिथे संख्या लिहिली जाईल, तिथे पुढचे शून्य गाळत जा.' सूचना किती साधी! शून्य गाळल्याने संख्येची किंमत बदलत नाही हे तर आपण पहिल्या-दुसरीतच शिकलो. मग बिघडणार काय?

२१११ घेऊन पाहा. २१११ − १११२ = ०९९९. शून्य ठेवले असते तर पुढे ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, मग ८५३२ आणि मग ६१७४ आले असते. पण आपण शून्य गाळले! आता हातात ९९९ आहे. ९९९ − ९९९ = ०. संपले. ६१७४ कधीच येणार नाही. मूळ आज्ञावलीला कोणी हातही लावला नाही, आणि तरी तिची सिद्धता कोसळली.

अशा दगा देणाऱ्या संख्या किती असतील? इथे तपासत बसण्याची गरज नाही, आठवी-नववीचे बीजगणित पुरते. अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ असे माना. वजाबाकीचे उत्तर ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) एवढे येते. ते हजाराहून लहान केव्हा येईल? क − घ एक असेल आणि ख − ग शून्य असेल तेव्हाच. म्हणजे तीन अंक सारखे आणि चौथा त्यांच्याहून एकाने कमी किंवा जास्त: २१११, ७७७८, १००० अशा संख्या. मोजल्या तर त्या ६८ भरतात. बाकी सर्व संख्या सुखरूप ६१७४ वर पोचतात.

८९९१ मध्ये ६८. म्हणजे शंभरात एकही नाही. तुम्ही चिठ्ठ्या टाकून वीस संख्या निवडल्या आणि आज्ञावली चालवून पाहिली, तर एकही दोष न सापडण्याची शक्यता सुमारे ८६ टक्के आहे. शंभर संख्या तपासल्या तरी ती सुमारे ४७ टक्के उरते. शंभर चाचण्या करून दमलेला माणूस छातीठोकपणे सांगेल, 'आज्ञावली निर्दोष आहे!' आणि बीजगणिताच्या एका ओळीने मात्र सारे ६८ गुन्हेगार हात धरून उभे केले. चाचणी आणि सिद्धता यांतला फरक याहून स्पष्ट कसा दाखवायचा?

पैलू म्हणजे काय?

'जिथे जिथे अमुक होईल, तिथे तिथे तमुक कर' अशा नियमाला संगणकाच्या भाषेत एक खास नाव आहे: पैलू. बँकेची आज्ञावली घ्या. पैसे भरणे, काढणे, व्याज लावणे, कर्ज देणे अशी निरनिराळी कामे तिच्यात असतात. पण 'प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवा' आणि 'प्रत्येक वेळी सही तपासा' हे नियम कोणत्याही एका कामाचे नाहीत. ते सर्वांना आडवे छेदून जातात. पूर्वी असे नियम शेकडो ठिकाणी पुन्हा पुन्हा लिहावे लागत. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधनकेंद्रातील ग्रेगोर किकझालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली वेगळी रीत मांडली. मूळ कामे एका बाजूला लिहा, आडवे नियम दुसऱ्या बाजूला एकेकदाच लिहा आणि दोन्ही एकत्र करण्याचे काम संगणकावर सोपवा. या एकत्र करण्याला त्यांनी नावही 'विणणे' असेच दिले. विट्याच्या मागावर ताण्यात बाणा जसा गुंफला जातो, तसे हे नियम मूळ आज्ञावलीत गुंफले जातात.

रीत सोयीची आहे यात शंका नाही. पण मूळ आज्ञावली वाचणाऱ्याला तिच्यात काय विणले गेले आहे हे तिथे लिहिलेले दिसत नाही. आपल्या शून्य गाळण्याच्या नियमाचे तेच झाले. तो छपाईपुरता हवा होता. 'जिथे जिथे संख्या लिहिली जाईल' या शब्दांमुळे तो हिशेबातही शिरला.

इस्रायलमधील हैफाच्या टेक्नियन संस्थेतील श्मुएल कॅट्झ यांनी अशा पैलूंचे तीन वर्ग पाडले. वर्ग समजला की सिद्धतेचे किती काम पुन्हा करावे लागेल हे समजते. पहिला वर्ग निरीक्षकाचा. तो नुसता पाहतो आणि वहीत टिपतो. मूळ काम बदलत नाही. तो स्वतःच कुठे अडकून पडत नाही एवढे दाखवले, की मूळ कामाविषयीची जुनी सिद्धता टिकते. दुसरा नियामकाचा. तो मूळ किमतींना हात लावत नाही, पण एखादे काम थांबवू शकतो. त्याच्यामुळे 'वाईट कधी घडणार नाही' ही खात्री टिकते. 'हवे ते कधीतरी घडेलच' ही खात्री मात्र जाऊ शकते. तिसरा हस्तक्षेप करणारा. तो किमतीच बदलतो. तिथे सारे नव्याने सिद्ध करावे लागते. आपला शून्य गाळणारा नियम या तिसऱ्या वर्गातला.

धरणाचे दार

आता याचे महत्त्व साताऱ्या-सांगलीच्या माणसाला चटकन समजेल असे एक उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातले कोयना धरण सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी साठवते आणि त्याच्या सांडव्याला सहा दरवाजे आहेत. सोडलेले पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीला येते. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षी सांगलीकरांनी महापूर पाहिला. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सुमारे ५७ फुटांवर चढले होते.

समजा, अशा एखाद्या धरणाचे दरवाजे हलवणारी आज्ञावली आपल्याला लिहायची आहे. कोणत्याही खऱ्या धरणाची व्यवस्था कशी आहे ते मी सांगत नाही. हे केवळ विचारासाठी योजलेले उदाहरण आहे. आपल्याला दोन गोष्टींची खात्री हवी. एक: भोंगा वाजवून सूचना दिल्याशिवाय कोणताही दरवाजा कधीही उघडणार नाही. दोन: पाणी ठरलेल्या पातळीवर गेले, तर दरवाजा ठरलेल्या वेळात उघडेलच. पहिली खात्री नदीकाठच्या माणसासाठी आहे, दुसरी धरणासाठी. पैकी एकच असून भागत नाही. दरवाजा कधीच न उघडणारी आज्ञावली पहिली अट अगदी बिनचूक पाळते!

दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या. मग एका शहाण्या माणसाने सुचवले, 'प्रत्येक वेळी दरवाजा उघडण्यापूर्वी मुख्य कचेरीतल्या नोंदवहीत नोंद करा.' उत्तम! हा निरीक्षक वर्गातला पैलू. पुढे दुसऱ्याने त्यात पाच शब्द घातले: 'नोंद झाली नाही, तर थांबा.' पाच शब्दांनी निरीक्षकाचा नियामक झाला. मुसळधार पावसात तारा तुटल्या, कचेरीशी संपर्क गेला, नोंद होईना. पाणी चढते आहे आणि दरवाजा नोंदीची वाट पाहत उभा आहे. उन्हाळ्यात ही आज्ञावली शंभरदा चालवून पाहिलीत, तरी हा दोष दिसणार नाही. कारण तेव्हा तारा शाबूत असतात. ज्या दिवशी तिची खरी गरज, नेमक्या त्याच दिवशी ती फसेल.

आता दोन पैलू एकत्र आले तर पाहा. एक म्हणतो, 'दरवाजा उघडण्यापूर्वी भोंगा वाजवा.' दुसरा म्हणतो, 'दरवाजा उघडण्यापूर्वी अधिकाऱ्याची परवानगी तपासा. नसेल तर थांबा.' आधी कोणता? भोंगा आधी वाजला आणि परवानगी नाकारली गेली, तर पाणी येत नाही. असे चार वेळा झाले, की पाचव्या वेळी काठावरचे लोक भोंग्याकडे दुर्लक्ष करतील. 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. दोन्ही नियम आपापल्या जागी योग्य, पण क्रम चुकला की परिणाम घातक.

नियम एकमेकांवर आदळले तर कोणाचे चालवायचे, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. पाणिनीने आपल्या व्याकरणात, समान बळाच्या दोन नियमांत विरोध आला तर नंतरचा नियम चालवावा, अशी तजवीज करून ठेवली. मीमांसाशास्त्राचा तर मोठा भाग विधींचा परस्परविरोध सोडवण्यात खर्च झाला आहे. त्या शास्त्राचा सात खंडांचा मीमांसाकोश सातारा जिल्ह्यातल्या वाईलाच केवलानंद सरस्वतींनी रचला. पाणिनीला संगणक ठाऊक होता असे कोणी सांगू लागले तर विश्वास ठेवू नका. पण नियम पुष्कळ झाले की त्यांच्या क्रमाचाही नियम लागतो, ही जाण त्या मंडळींना होती आणि आजच्या आज्ञावली लिहिणाऱ्याला ती हवीच.

आक्षेप आणि उत्तरे

या मतावर आक्षेप घेतले जातात, त्यांचाही विचार करू. पहिला आक्षेप असा की, सिद्धता मांडायला वेळ आणि पैसा फार लागतो. खरे आहे. म्हणून प्रत्येक आज्ञावलीची सिद्धता मांडा असे मी म्हणत नाही. खेळाच्या आज्ञावलीत चेंडू भिंतीतून आरपार गेला तर फार तर हसू येईल. पण जिथे चुकीची भरपाई करता येत नाही, तिथे खर्च केलाच पाहिजे. पॅरिसची चौदा क्रमांकाची भुयारी रेल्वे १९९८ साली चालकाशिवाय धावू लागली, तेव्हा तिच्या सुरक्षेशी संबंधित आज्ञावलीची गणिती सिद्धता मांडलेली होती. आपल्याकडेही हे काम चालते. मुंबईच्या आय.आय.टी.त या विषयाचे संशोधन होते. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमधील संशोधकांनी तयार केलेल्या 'व्हेरीॲब्ज' या साधनाने पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एका गटात पहिला क्रमांकही मिळवला आहे. तेव्हा हे आपल्याला न झेपणारे काम नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सिद्धता झाली तरी आज्ञावली फसू शकते, कारण लिहिलेली अटच चुकीची असू शकते. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियान ५ अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या आज्ञावलीचा एक भाग एरियान ४ वरून जसाच्या तसा उचललेला होता. एक विशिष्ट संख्या फार मोठी होणारच नाही, हे गृहीत जुन्या अग्निबाणासाठी बरोबर होते. नवा अग्निबाण अधिक वेगाने आडवा सरकत होता. संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही आणि सारे कोसळले. गणित चुकले नव्हते, गृहीत बदलले होते.

हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र त्यातून मी निराळा निष्कर्ष काढतो. सिद्धता निरुपयोगी आहे असे त्यातून ठरत नाही. अटी आणि गृहीते उघडपणे लिहिली पाहिजेत आणि ती पुष्कळ जणांनी वाचली पाहिजेत असे ठरते. ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६९ साली सिद्धतेची जी रीत घालून दिली, तिच्यात आज्ञावलीच्या आधी 'काय गृहीत धरले' आणि नंतर 'काय मिळेल' ही दोन वाक्ये लिहावीच लागतात. ही वाक्ये साध्या मराठीतही लिहिता येतात. 'भोंगा वाजल्याशिवाय दरवाजा उघडणार नाही' हे वाक्य कळायला पदवी लागत नाही. उलट, भोंगा आपल्या वस्तीपर्यंत ऐकू येतो की नाही, हे हरिपूरच्या शेतकऱ्याला शहरात बसलेल्या तज्ज्ञापेक्षा अधिक ठाऊक असते. सिद्धता तज्ज्ञांनी मांडावी. अटी मात्र ज्यांच्यासाठी आज्ञावली लिहिली, त्यांनी वाचाव्यात. सार्वजनिक कामाच्या आज्ञावलींच्या अटी लोकांच्या भाषेत जाहीर व्हाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुम्ही काय कराल?

शाळेत संगणक शिकताना तुम्ही छोट्या आज्ञावली लिहीतच असाल. एक सवय लावून घ्या. आज्ञावली लिहिण्यापूर्वी वहीत एक वाक्य लिहा: 'ही चालत असताना अमुक गोष्ट नेहमी खरी राहिली पाहिजे.' मग प्रत्येक पायरीनंतर ते वाक्य खरे राहते का, ते स्वतःला पटवा. नंतर कोणी 'एवढेसे जरा वाढव' म्हटले, तर ते निरीक्षक, नियामक की हस्तक्षेप करणारे, ते ठरवा आणि त्या मानाने सिद्धता पुन्हा तपासा. घटनेत दुरुस्ती करताना जुन्या कलमांवर काय परिणाम होईल ते पाहावे लागते. औषध नवे दिले तर आधीच्या औषधाशी त्याचे जुळेल का ते पाहावे लागते. आज्ञावलीला वेगळा न्याय का लावायचा?

शेवटी तुमच्यासाठी एक काम. तीन अंकी संख्यांवर कापरेकरांची हीच क्रिया केली, तर शेवटी ४९५ येते. (तिन्ही अंक सारखे नकोत.) तिथेही शून्य गाळण्याचा नियम लावा. आता १०० ते ९९९ पर्यंतच्या किती संख्या दगा देतील? एकेक संख्या तपासत बसू नका. वर केली तशी वजाबाकी अक्षरांनी मांडा आणि उत्तर शंभराहून लहान केव्हा येते ते शोधा. तुमचे उत्तर ५१ आले, तर सिद्धता मांडणे म्हणजे काय हे तुम्हाला समजले असे खुशाल समजा. नाही आले, तर १०० आणि ११० या संख्या मोजायच्या राहिल्या का ते एकदा पाहा.